श्रीपतच्या मापाची मूठ

सुरी दळवी सरांच्या बुटापासून वीतभर अंतरावर मातीत रुतली आणि उभ्या उभ्या थरथरत राहिली.

वर खाणीच्या कड्यावर सरावाच्या दोराला लटकलेला श्रीपत खाली बघत होता. उजवा हात तसाच पुढे धरलेला, जणू सुरी अजून हातातच आहे.

"सर," मी ओरडलो, "बोटं मोजून घ्या. एखादं कमी भरलं तर तेवढ्या मापाची चप्पल स्टँडवर मिळते."

कोणी हसलं नाही. श्रीपतपण नाही. तिथे मात्र मी चपापलो. माझ्या विनोदाला अख्खं पोलादपूर हसलं नाही तरी श्रीपत उतेकर हसणार, हे ठरलेलं. आमच्या निम्म्या चेष्टा आम्ही जोडीनं केलेल्या. एस.टी. स्टँडच्या माइकवरून कंट्रोलरचा आवाज काढून मी "पोलादपूर-काश्मीर गाडी फलाटावर लागत आहे" अशी घोषणा केली, तेव्हा खऱ्या कंट्रोलरला टपरीवर भज्यांत गुंतवून ठेवणारा श्रीपतच. एक म्हातारा खरंच पिशवी घेऊन उठला होता. "मला वाटेत साताऱ्याला उतरवा" म्हणाला.

तर ते जाऊ दे.

घाटाखाली आमचा एक गट होता. दरीत गाडी गेली, कड्यावर कोणी फिरायला आलेला अडकला, की पोलीस दळवी सरांना फोन करायचे. सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि घरीसुद्धा शिट्टी गळ्यात घालून जेवायचे. दोरावरून सगळ्यात आधी उतरायचा तो श्रीपत. पहिल्या माणसाच्या छातीवर सुरी असते. करवंदीची जाळी, गाडीतल्या सीटचा पट्टा, पिळा पडलेला दोर, आडवं येईल ते कापत जायचं. एरवी हा माणूस नळपाणी योजनेचे व्हॉल्व फिरवायचा. पाणी वेळेवर आलं तर कोणी त्याचं नाव काढत नसे आणि उशिरा आलं तर आई काढत. पण दरीत उतरणारा उतेकर म्हटलं की महाडपर्यंत लोक ओळखायचे.

मी दोरावर कधी गेलो नाही. मला स्टुलावर चढलं तरी गरगरतं. माझं स्टँडसमोर दुकान. धार लावणं आणि मुठी बसवणं. कोयते, विळे, खुरपी आणि गटाची हत्यारं. त्यामुळे सुरी पडली की सगळे आधी माझ्याकडे बघायचे.

दळवी सरांनी सुरी मातीतून उपटली, पुसली. श्रीपत खाली उतरल्यावर म्हणाले, "श्रीपत, पुढच्या रविवारी परत. साबणाच्या हातानं, लटकून, ओला दोर कापायचा. जमलं तर पहिला तूच. नाहीतर वर थांबायचं."

"वर म्हणजे, सर?"

"रस्त्यावर. गाड्या थांबवायला."

"सर, सुरीला दोरी लावून मनगटाला बांधू ना," मी म्हणालो. "पडायचा प्रश्नच मिटला."

"पडणार नाही विलास. पण कापणार कोण?"



दुपारी श्रीपत दुकानात आला. सुरी फळीवर ठेवली. पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, मीच घासून केलेलं, मनगटाएवढी फांदी उतरवेल असं. मुठीत शिरणारी त्याची शेपटी पार मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली.

"मूठ घसरते रे इल्या."

"सागाची होती तेव्हा गुळगुळीत झाली म्हणालास. तिच्यावर सुतळी गुंडाळली तर टोचते म्हणालास. सायकलची ट्यूब चढवली, आता घसरते. कुंदावहिनीनं लग्नाचा शालू घेताना एवढा घोळ घातला नसेल."

"ट्यूबच्या आत घाम धरतो."

"घाम धरतो," मी म्हणालो. "बरोबर आहे. ट्यूबच भिकार आहे."

"तेच म्हणतोय मी."

तो सुरी माझ्याकडे सरकवत होता तेव्हा मला त्याचा हात दिसला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मध्ये मांसाचा एक उंचवटा असतो, बघा तुमचा. त्याचा बसला होता. तिथे खळगा पडला होता. मी बघितलं, आणि मी बघतोय हे त्यानं बघितलं. हात खिशात गेला.

त्याच्या थोरल्या भावाचं, मुरारीदादाचं, तिथूनच सुरू झालं होतं. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग घास तोंडापर्यंत जाईना. मग बोलणं गेलं. शेवटी नुसते डोळे हलायचे. श्रीपतनं त्याला शेवटपर्यंत भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं. त्यामुळे "मूठ घसरते" म्हटल्यावर "मूठच भिकार" असं लगेच म्हणायचं, हे आमच्यात न बोलता ठरून गेलं होतं.

तेवढ्यात कुंदावहिनी आली. बाजाराची पिशवी हातात. सकाळची बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. पोलादपुरात बातमी एस.टी.च्या आधी पोचते.

"भावोजी, तुमच्या मित्राला सांगा. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दाखवून येऊ."

"मुठीला दवाखान्यात काय दाखवणार?" श्रीपत म्हणाला.

"मी मुठीबद्दल बोलत नाही."

"मी मुठीबद्दलच बोलतोय."

दोघं एकमेकांकडे बघेनात. मी मधे पडलो, कारण दुकान माझं आणि गिऱ्हाईक बाहेर उभं. "वहिनी, तडजोड करू. मी याला शेवटची एक मूठ करून देतो. अगदी त्याच्या मापाची. रविवारी धरली तर हात ठणठणीत. नाही धरली तर तुम्ही म्हणाल त्या गाडीत बसेल."

"बसशील?" तिनं त्याला विचारलं.

"बसेन."

"शपथ?"

"इल्याशपथ."

"त्यांच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार? त्यांनी माझ्या सासूला वीज मंडळाचा साहेब होऊन फोन केला होता. बिचारी संध्याकाळपर्यंत अंधारात बसली होती."

श्रीपत हसला. त्या दिवशी पहिल्यांदा. आणि मान हलवून म्हणाला, "बसेन. खरंच."

मी आतून शाडूचा गोळा आणला. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातली माती, मऊ, लोण्यासारखी मळलेली. "हा घरी ने. सुरी धरतोस तसा धर आणि जीव खाऊन आवळ. तुझ्या बोटांना काय पाहिजे ते माती मला सांगेल. ओल्या फडक्यात गुंडाळून पाठव."

"इथेच आवळतो की."

"इथे नको. इथे तू मला दाखवायला आवळशील."

हे मी उगीच म्हणालो नव्हतो. दुकानात आलेला प्रत्येक माणूस कोयता हातात घेतला की छाती फुगवून उभा राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुंदावहिनी स्वतः गोळा घेऊन आली. फळीवर ठेवला आणि उभीच राहिली. मी फडकं सोडलं आणि चकित झालो. काय ठसा होता! चारही बोटं खोल. करंगळीसुद्धा, आणि करंगळी म्हणजे सगळ्यात आधी दगा देणारी. तळव्याचा फुगवटा, अंगठ्याचा दाब, सगळं स्वच्छ.

"वहिनी, हा आजारी माणसाचा हात आहे? या हातानं तर एखाद्याचा गळा दाबता येईल."

"बरा उमटलाय ना?" तिनं विचारलं.

"बरा? फ्रेम करून लावा."

ती पटकन निघून गेली. मला वाटलं, रडू आलं असेल आनंदानं.

ठसा जरा बारका वाटला, नाही असं नाही. पण शाडू सुकायला लागली की आखडते, हे पेण-महाडकडचं शेंबडं पोरही सांगेल. आणि बारकी मूठ धरायला सोपीच. मी शिसवाचे दोन तुकडे घेतले, पात्याच्या शेपटीला दोन्ही बाजूंनी लावले, पितळी खिळे ठोकले आणि ठशावर ठेवून ठेवून, कानशीनं घासत बोटांच्या खाचा काढल्या. मग काच घेऊन खरवडलं. मग अळशीचं तेल. चार दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. लोक खुरपी घेऊन यायचे, मी "मालक वारले" सांगून परत पाठवायचो.

त्या चार दिवसांत श्रीपत रोज येऊन बसायचा. मी ठसा त्याच्यासमोर नाचवायचो.

"नीट उमटलं ना रे?" तो विचारायचा. "चारही?"

"चारही. करंगळीवर तर माझं प्रेम बसलंय."

"मला वाटलं नव्हतं," तो म्हणायचा. एकदा म्हणाला, "मी बघितलाच नाही. आवळला आणि तसाच फडक्यात टाकला."

"का?"

"असंच."

पण माणूस खुलला होता. व्हॉल्व फिरवून येताना शीळ घालायचा. टपरीवर माझ्या चहात मीठ टाकलं त्यानं, किती दिवसांनी. शनिवारी मूठ तयार झाली तेव्हा त्यानं ती हातात घेतली, तोलली, डोळे मिटून दोनदा फिरवली.

"जरा आत दाबल्यासारखी वाटते."

"तुझाच ठसा आहे. स्वतःची बोटं ओळखू येईनात?"

"माझीच ना?"

"नाही, दळवी सरांची. गळ्यात शिट्टी नव्हती म्हणून ओळखलं नाहीस."

तो खो खो हसला. मी दोराचा तुकडा फळीवर धरला, त्यानं वरून अंगाचा भार टाकून कापला. कापला म्हणजे कापला. आम्ही दोघं त्या दोन तुकड्यांकडे असे बघत बसलो की जणू वाघ मारलाय.

मग त्यानंच डोकं चालवलं. म्हणाला, "इल्या, लाकडाची एक खोटी सुरी कर. अशीच. पात्याला चंदेरी रंग. उद्या दोर कापून झाला की मी मुद्दाम ती सरांच्या समोर टाकतो."

"सर मरतील."

"शिट्टी वाजवून मरतील."

मी सावरीच्या लाकडाची केली. हलकी, कापसासारखी. रंगवल्यावर मलाच आधी खोटी कुठली ते कळेना.

रविवारी सकाळी खाणीवर ऊन चांगलं तापलं होतं. सर आणि गटातली पोरं वर दोरावर. मी खाली. कुंदावहिनी डबा घेऊन आली होती, दगडावर बसली होती, डबा मांडीवर घट्ट धरून. श्रीपत खाली उतरत उतरत मधे थांबला. हेल्मेट घातलेलं, छातीवर दोन सुऱ्या, एक खरी आणि एक आमची. सरांनी वरून साबणाच्या पाण्याची बाटली दोरीनं सोडली. त्यानं हातांवर ओतली. समोर ओला दोर टांगलेला.

"चालू," सर म्हणाले.

त्यानं सुरी काढली. पहिला घाव बसला. दुसरा. दोराचे धागे फुलले. मी वहिनीकडे वळून अंगठा दाखवला. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. तिसरा घाव जरा तिरका गेला. मग तो थांबला. डाव्या हातानं उजव्याची बोटं मुठीवर एक एक करून दाबून बसवली. परत घाव घातला. सुरी हातातल्या हातात फिरली, पातं आडवं झालं.

"श्रीपत?" वरून सर.

"होतंय, सर."

आणि सुरी सुटली.

मी हसलो. मोठ्यानं. पोट धरून. दोर अजून कापला नव्हता, पण मला वाटलं, श्रीपतला दम निघाला नाही, आधीच टाकली बेट्यानं. सरांचं तोंड बघायला मी मान वर केली. तेवढ्यात सुरी खालच्या दगडावर आदळली आणि खणकन लोखंडाचा आवाज आला.

सावर खणकत नाही.

माझं हसणं खाणीत थोडा वेळ घुमत राहिलं. मी तोंड मिटलं होतं तरी.

वर श्रीपत दोराला नुसता लटकून होता. दोर हळूहळू गोल फिरत होता आणि तो त्याच्याबरोबर. एकदा कड्याकडे तोंड, एकदा आमच्याकडे. सर म्हणाले, "सोडा खाली त्याला. हळू."

कुंदावहिनी उठली. पुढे जाऊन सुरी उचलली आणि पदरानं माती पुसायला लागली.

मी मुठी बसवून पोट भरणारा माणूस. कुठली मूठ कोणाच्या हातात बसलीय, हे मला बघावं लागत नाही, दिसतं. तिच्या बोटांनी खाचा शोधल्या नाहीत. बोटं गेली आणि बसली. चारही. करंगळी तर अशी बसली की मधून कागद जाणार नाही. अंगठा जिथे पाहिजे तिथेच.

"वहिनी," मी म्हणालो. "तुमचा हात."

तिनं खाली बघितलं आणि सुरी झटकन दगडावर ठेवली, तापलेली असावी तशी.

"माती तुम्ही दाबलीत?"

"हळू बोला."

"तुम्हीच दाबलीत! मग मूठच चुकीची झाली की वहिनी! त्याच्या मापाची नव्हतीच ती!" काय सांगू, मला केवढा आनंद झाला. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं. "मी परत करतो. आज करतो. सरांना सांगतो, अजून एक रविवार द्या. मूठच भिकार होती."

"आधी त्यांनीच दाबली होती," ती म्हणाली.

मी सुरीकडे नेलेला हात मागे घेतला.

"संध्याकाळी ओसरीवर बसून. दात आवळून, मान थरथरेपर्यंत. मग फडक्यात गुंडाळली आणि म्हणाले, सकाळी इल्याला देऊन ये. तुमच्याकडे आणायच्या आधी मी फडकं सोडून बघितलं भावोजी. मातीवर फडक्याची वीण उमटली होती. बोटं नव्हती."

वरून दोर सरकल्याचा आवाज येत होता. श्रीपतची सावली कड्यावरून खाली येत होती.

"मग मला सांगायचं ना."

"काय सांगायचं? आणि तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं? म्हटलं, एक आठवडा तरी बरा जाऊ दे. किती दिवसांनी शीळ ऐकली मी त्यांची." तिनं पदर तोंडाला लावला आणि लगेच काढला. "आता त्यांनी विचारलं तर मूठ चुकली म्हणू नका. परत नवी करत बसतील. आणि तुम्ही करून द्याल. मुरारीदादांचं आम्ही हेच केलं. आधी शर्ट बदलले, बटणं मोठी लावली. मग चमचे बदलले. मग पेले. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता कशाला आणलंत?"

"आधी नेलं असतं तर?"

"तर निदान कळलं असतं. त्यांना स्वतःच्या तोंडानं चार गोष्टी सांगता आल्या असत्या."

श्रीपतचे पाय जमिनीला लागले. त्यानं दोर सोडवला नाही. तसाच चालत आमच्यापर्यंत आला, दोर मागून घासत. दगडावरच्या सुरीकडे बघितलं. वहिनीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"इल्या. एकदा खरं सांग. चेष्टा नको."

"बोल."

"मूठ चुकली का?"

चुकली, असं म्हटलं असतं तर ते खरंच होतं. आयुष्यात मी पहिल्यांदा खरं बोललो असतो आणि त्यानं ते मानलं असतं. तोंडाशी आलं होतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, बसच्या खिडकीतून माणूस स्टँडवर कोणी घ्यायला आलंय का बघतो तसा.

"नाही," मी म्हणालो. "मूठ बरोबर आहे. माझ्या हातून इतकी चांगली मूठ कधी झाली नाही."

"माझ्या मापाची?"

"तुझ्याच मापाची."

मी आता हसेन, त्याच्या पाठीत गुद्दा घालीन, काहीतरी बरळेन, याची तो वाट बघत होता. मला ठाऊक होतं. मी ते सगळं केलं असतं तर त्यानं मला तिथल्या तिथे माफ केलं असतं.

मी नाही हसलो.

"बरं," तो म्हणाला. मग वहिनीला म्हणाला, "बॅग भर."

तिनं मान हलवली आणि डबा उचलायला गेली. खाली वाकल्यावर ती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली.

श्रीपतनं हनुवटीखाली हात नेला. उजव्या हातानं चाचपलं. मग डाव्यानं. मग दोन्ही हात खाली सोडले.

"हा बंद सोड रे," तो म्हणाला. "मला सुटत नाहीये."

मी बंद सोडला. हेल्मेट काढलं. घामानं त्याचे केस कपाळाला चिकटून डोळ्यांत आले होते. तेही मीच मागे सारले. त्यानं सारू दिले.